मनोविकाराच्या गोळ्या आणि आठवड्याची डबी: कोणती घ्यावी, कशी भरावी, कुठे ती कमी पडते

सात दिवसांच्या गोळ्या ठेवायची प्लास्टिकची डबी दुकानात बीपी-शुगरच्या पेशंटसाठी म्हणून विकली जाते. मनोविकाराच्या औषधांसाठी ती घ्यायची असेल तर तिच्याकडे वेगळ्या नजरेने बघावं लागतं. बीपीची गोळी राहिली तर बहुतेक वेळा माणूस विसरलेला असतो. स्किझोफ्रेनिया, बायपोलर किंवा खोल नैराश्य असलेला माणूस विसरतोही आणि टाळतोही. कधी औषधात कुणी विष कालवलंय या संशयाने थुंकून टाकतो, कधी गोळ्या साठवत असतो. गोळी पोटात गेली, मोरीत गेली की उशीखाली गेली, खण तिन्ही वेळा सारखाच रिकामा दिसतो. त्यामुळे वॉर्डात सिस्टर-ब्रदर औषध देताना जे नियम पाळतात, त्यातलं किती या डबीने घरी साधतं आणि किती घरच्या माणसालाच करावं लागतं, हे इथे तपासलं आहे.

आधी बाजारात काय मिळतं ते. सगळ्यात साधी म्हणजे एका ओळीत सात खणांची पट्टी, साधारण १०० रुपयांच्या आसपास. दुसरी चौदा खणांची, सकाळ आणि रात्र अशा दोन ओळींची. तिसरी अठ्ठावीस खणांची, दिवसाला चार वेळा औषध असणाऱ्यांसाठी. चौथ्या प्रकारात सात सुट्या छोट्या डब्या एका ट्रेमध्ये किंवा कापडी पाकिटात बसवलेल्या असतात आणि प्रत्येक डबीत दोन ते चार खण असतात. ही २५० ते ५०० रुपयांत मिळते. पाचवी गजर वाजवणारी, बॅटरीवरची, हजाराच्या पुढे. तालुक्याच्या मेडिकलमध्ये बहुधा पहिलीच असते. बाकीच्यांसाठी जिल्ह्याच्या गावी सर्जिकल सामानाचं दुकान गाठावं लागतं, नाहीतर मागवून घ्यावी लागते.

मनोविकाराच्या पेशंटसाठी आमची पसंती निःसंशय सुट्या सात डब्यांना. त्यातून त्या दिवसाची एकच डबी बाहेर काढता येते आणि उरलेल्या सहा पेटीत कुलूपबंद राहतात. चौदा किंवा अठ्ठावीस खणांची अखंड डबी टेबलावर ठेवली, की आठवड्याचं सगळं औषध एका हाताच्या अंतरावर येतं. बीपीच्या घरात त्याने बिघडत नाही. ज्या घरात कुणाच्या मनात जीव द्यायचे विचार येऊन गेले आहेत, तिथे ही गोष्ट सगळ्यात आधी बघायची. सुट्या डबीचा दुसरा फायदा शेतात जाणाऱ्याला: दिवसाची डबी खिशात जाते, घरची चळत घरी राहते.

गजराची डबी आम्ही सुचवणार नाही. बॅटरी संपली की ती गप्प बसते आणि घरचे मात्र तिच्या भरवशावर असतात. शिवाय वाड्यात, चाळीत, एकाला एक लागून असलेल्या घरांत रोज ठरल्या वेळी वाजणारा गजर म्हणजे शेजारपाजाऱ्यांना रोजची आठवण की या घरात कुणाला तरी ‘डोक्याच्या गोळ्या’ चालू आहेत. मोबाइलचा गजर हेच काम करतो आणि तो कशासाठी वाजला हे कुणाला कळत नाही.

अठ्ठावीस खणांची डबी घेण्याआधी केसपेपर घेऊन डॉक्टरांना एक विचारा: दिवसाच्या वेळा कमी करता येतील का? ओलान्झापिन, रिस्पेरिडोन, पुष्कळदा लिथियमसुद्धा रात्री एकदाच देता येतं. ट्रायहेक्सिफेनिडिल (बाकीच्या औषधांनी येणाऱ्या ताठरपणावरची गोळी) सहसा सकाळी देतात, कारण रात्री त्याने झोप उडू शकते. तीन-चार वेळांचं औषध दोन वेळांवर आलं तर चुका आपोआप घटतात, आणि लहान डबीत भागतं.

दुकानात डबी हातात घेऊन बघायच्या गोष्टी आहेत. झाकण एका अंगठ्याने उघडतं का? हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोनसारख्या औषधांनी हात ताठरतात, बोटं थरथरतात. नख घालून उचलायचं घट्ट झाकण अशा हातांना उघडत नाही, आणि जोर लावला की गोळ्या जमिनीवर. उलट सैल झाकण पिशवीत उघडतं. दोन्ही तपासायला खणात दोन शेंगदाणे टाकावेत, बंद करून उलटी धरावी, जोरात हलवावी. खणाची खोलीही बघा. सोडियम व्हॅल्प्रोएटची ५०० मिलिग्रॅमची गोळी चांगलीच मोठी असते. दोन घातल्यावर झाकण वर राहिलं तर ती डबी तुमच्या कामाची नाही. खणाचा तळ चौकोनी कोपऱ्यांचा नसावा, गोलाकार असावा. क्लोनाझेपामची अर्ध्या मिलिग्रॅमची बारकी गोळी कोपऱ्यात अडकून बसते, पुढच्या दिवशी दोन निघतात आणि माणूस दिवसभर पेंगतो.

वारांची अडचण बहुतेक सगळ्याच डब्यांना आहे. वर इंग्रजी आद्याक्षरं असतात, त्यात मंगळवार-गुरुवारचं अक्षर एकच आणि शनिवार-रविवारचंही एकच. जिच्या हातात औषध असतं ती आई किंवा आजी ते वाचेलच असं नाही. पांढरी चिकटपट्टी लावून त्यावर ‘सोम, मंगळ, बुध’ लिहा, घरात उर्दू वाचत असतील तर उर्दूत लिहा. वाचता येत नसेल तर खुणा करा. गावच्या बाजाराच्या दिवसाच्या डबीला लाल टिकली, बाकीच्या तिच्यापुढे क्रमाने. दिवसाच्या खणावर सूर्य, रात्रीच्या खणावर चंद्र काढला तरी भागतं. एकाच घरात आईची बीपीची आणि मुलाची मनोविकाराची अशा दोन डब्या असतील तर रंग वेगळे हवेत, जागाही वेगळ्या हव्यात. रंगांध माणूस घरात असेल तर आकार वेगळे घ्या.

आता डबी ठेवायची कुठे. गोळ्यांच्या पाकिटावर ‘३० अंशांखाली ठेवा’ असं छापलेलं असतं आणि मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२-४३ वर असतो. पत्र्याच्या खोलीत तर त्याहून जास्त. फळीवर, पत्र्याच्या लगत, टीव्हीवर, चुलीजवळ डबी ठेवू नये. गारवा म्हणून माठाशेजारी ठेवतात, पण तिथे दमट असतं. देवघरात ठेवली की विसर पडत नाही हे खरं, फक्त समईची ऊब लागणार नाही इतकी लांब असावी. खालच्या बाजूच्या, सावलीतल्या भिंतीतलं कपाट किंवा लोखंडी पेटीचा तळ ही त्यातल्या त्यात बरी जागा. उन्हाळ्यात सातच दिवसांचं भरावं. पुढच्या पंधरवड्याचं आधीच भरून ठेवण्यात फायदा नाही, कारण पाकिटातून काढलेल्या गोळीला हवा आणि ओल लागायला तेव्हापासूनच सुरुवात होते.

काही गोळ्या पाकिटातून सुट्या काढूच नयेत. सोडियम व्हॅल्प्रोएट हवेतली ओल ओढतं, गोळी चिकट होते, भुसभुशीत होते. जिभेवर विरघळणाऱ्या ओलान्झापिन किंवा क्लोनाझेपामच्या गोळ्यांचंही तसंच. त्या पावसाळ्यात खणाला चिकटतात आणि उचलताना भुगा होतो. अशा गोळ्यांचं पाकीट कात्रीने कापून फॉइलसकट एकेक तुकडा खणात ठेवावा. यात एक धोका आहे. अंधारात, गुंगीत किंवा विसरभोळेपणात माणूस फॉइलचा तुकडाच गिळू शकतो, आणि त्याच्या धारदार कोपऱ्यांनी अन्ननलिकेला जखम होते. फॉइल असलेल्या गोळ्या देणाऱ्याने स्वतः फोडून हातावर द्यायच्या. पेशंट एकटाच घेणार असेल तर डॉक्टरांशी किंवा औषध देणाऱ्या फार्मासिस्टशी बोलून वेगळी सोय करावी.

भरण्याची पद्धत हा या साऱ्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. भरणारा माणूस एकच असावा, दिवस आणि वेळ ठरलेली असावी, आणि त्या अर्ध्या तासात फोन, टीव्ही, पाहुणे काही नको. हात धुऊन पूर्ण कोरडे करा. डबी आदल्या दिवशी साबणाच्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवलेली असावी. झाकणाच्या बिजागरीत पाण्याचा थेंब राहतो, तिथेच गोळी चिघळते. स्टीलचं स्वच्छ ताट समोर घ्या, म्हणजे सांडलेली गोळी दिसते. शेजारी सगळी पाकिटं आणि केसपेपर.

समजा कागदावर असं आहे: लिथियम ३०० मिलिग्रॅम सकाळी एक, रात्री दोन, ओलान्झापिन १० मिलिग्रॅम रात्री एक, ट्रायहेक्सिफेनिडिल २ मिलिग्रॅम सकाळी एक. सोमवारची डबी पूर्ण, मग मंगळवारची पूर्ण, असं भरत गेलात तर चूक होणार. एक औषध घ्या, सातही दिवसांत टाका, पाकीट बाजूला ठेवा, मग दुसरं घ्या. आठवड्याचा हिशेब: लिथियम २१, ओलान्झापिन ७, ट्रायहेक्सिफेनिडिल ७, एकूण ३५. सकाळच्या प्रत्येक खणात २, रात्रीच्या ३. झाकणं लावायच्या आधी दुसऱ्या कुणीतरी मोजून बघायचं. शाळेतल्या मुलीने मोजलं तरी चालतं, मोजताना एका मोठ्या माणसाने समोर बसावं. एक वही ठेवा: तारीख, कोणती गोळी किती भरली, पाकिटात किती उरल्या. या तिसऱ्या रकान्यावरून औषध कधी संपणार हे दहा दिवस आधी दिसतं. जिल्ह्याच्या रुग्णालयात जाण्यात अख्खा दिवस जातो, त्यामुळे हे आधी कळणं मोलाचं.

रिकाम्या पाकिटांपैकी प्रत्येक औषधाचं एक तरी त्या आठवड्यापुरतं जपून ठेवावं. वॉर्डात औषध देताना पाच गोष्टी तपासतात: योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. डबी यातली मात्रा आणि वेळ चांगली सांभाळते. पण गोळी पाकिटातून बाहेर आली की तिचं नाव गेलं. मग मधेच अंगावर पुरळ उठलं आणि डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, ‘लॅमोट्रिजिन लगेच बंद करा,’ तर खणातल्या तीन पांढऱ्या गोळ्यांतली ती कोणती? सरकारी दवाखान्यातून मिळालेली आणि बाहेरून घेतलेली एकाच औषधाची गोळी रंगाने, आकाराने वेगळी असू शकते, आणि पुढच्या महिन्यात कंपनी बदलली की पुन्हा वेगळी. ‘ती पिवळी झोपेची’ अशी ओळख ठेवणं इथेच घात करतं. केसपेपरचा आणि प्रत्येक पाकिटाच्या नावाच्या बाजूचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या.

अर्ध्या गोळ्यांचा प्रश्न वेगळा. मधोमध रेघ असलेलीच गोळी तोडावी, तीही गोळी कापायच्या छोट्या यंत्राने. सुरीने एक तुकडा मोठा, एक छोटा होतो. दोन्ही तुकडे लागोपाठच्या दिवसांत टाका. हळूहळू सुटणाऱ्या, म्हणजे नावापुढे एसआर, सीआर, ईआर असलेल्या गोळ्या कुटायच्या नाहीत, चावायच्या नाहीत. कुटल्या तर दिवसभराचं औषध एकदम अंगात जातं.

आठवड्याच्या मधे डोस बदलला तर उरलेल्या सगळ्या खणांतून ती गोळी काढून नव्याने भरा. ‘नव्या आठवड्यापासून बघू’ म्हणून ठेवलेला जुना डोस हे बायपोलरच्या घरातल्या गोंधळाचं नेहमीचं कारण आहे.

काही औषधांसाठी डबीला जास्तीची खूण लावावी लागते. लिथियमची रक्तपातळी शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी बघतात. रात्री ९ ला गोळी घेतली असेल तर सकाळी ९ ला रक्त, आणि रक्त देईपर्यंत सकाळचा खण उघडायचा नाही. त्या दिवसाच्या डबीला दोरा बांधून ठेवा. गोळी खाऊन दिलेल्या रक्तात पातळी खोटी जास्त दिसते, डॉक्टर डोस कमी करतात आणि महिन्याभरात आजार उलटतो. देखभालीसाठी पातळी साधारण ०.६ ते १.० (mEq/L) या दरम्यान ठेवतात, म्हणजे पुरेसं औषध आणि विषबाधा यांच्यात अंतर थोडं. कडक उन्हात घाम जाऊन अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं, जुलाब लागले, किंवा अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन घेतलं, की डोस तोच असून पातळी चढते. हात जास्त थरथरणं, उलट्या-जुलाब, बोलताना जीभ जड, चालताना झोक जाणं अशी लक्षणं दिसली तर पुढचा खण न उघडता थेट दवाखाना. घरातल्या अंगदुखीच्या गोळ्या या डबीच्या जवळपासही नकोत. रमजानचे रोजे किंवा नवरात्राचे निर्जळी उपास धरायचे असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. ऐन उन्हात दिवसभर पाण्याविना राहणं लिथियमवर असलेल्या माणसाला धोक्याचं.

क्लोझापिन या स्किझोफ्रेनियावरच्या औषधाचं वेगळं. सलग ४८ तासांपेक्षा जास्त खंड पडला तर नेहमीच्या डोसवर परत येता येत नाही, १२.५ मिलिग्रॅमपासून पुन्हा हळूहळू चढवावं लागतं, नाहीतर रक्तदाब एकदम उतरू शकतो, माणूस कोसळू शकतो. दोन दिवसांचे भरलेले खण तसेच सापडले तर तिसऱ्या दिवसाचा खण उघडायच्या आधी डॉक्टरांना फोन. पहिले १८ आठवडे दर आठवड्याला पांढऱ्या पेशींची तपासणी असते, आणि घसा दुखून ताप आला तर वाट न बघता रक्त तपासायचं. लॅमोट्रिजिनमध्येही पाच दिवसांहून अधिक खंड पडला तर कमी डोसपासून सुरुवात करावी लागते. राहिलेला डोस भरून काढायला एकाच वेळी दोन खण कुठल्याच औषधासाठी उघडायचे नाहीत.

हे झालं डबी भरण्यापर्यंत. देताना डबीचा उपयोग संपतो आणि माणसाचं काम सुरू होतं.

डबी हा विसरण्यावरचा उपाय आहे. स्किझोफ्रेनियात लक्ष, स्मरण आणि दिवसाची आखणी आजारानेच कमी होते, नैराश्यात उठून पाणी घेण्याचंही बळ नसतं. अशांना ती खरी मदत करते. नकारावर तिचा काही इलाज नाही. नकार असला तर कारण शोधावं लागतं, आणि ते दरडावून निघत नाही. ‘गिळलीस का? तोंड उघड!’ असं रोज विचारणाऱ्या घरात गोळी गालात धरायला माणूस लवकर शिकतो. वॉर्डात तोंड तपासतात हे खरं, पण तिथेही गोळी देणारी सिस्टर आधी नावाने हाक मारते, कोणती गोळी कशासाठी ते सांगते, भांडंभर पाणी देते आणि दोन-चार मिनिटं तिथेच थांबून बोलते. बोलणाऱ्या माणसाच्या गालात गोळी फार वेळ राहत नाही. घरी एवढंच करा. जेवणानंतर गोळी, पाणी, आणि मग थोडं बसून पिकाचं, जनावरांचं, कशाचंही बोलणं.

विचारायचंच असेल तर ‘कालच्या गोळीने कसं वाटलं?’ असं विचारा. उत्तरातून पुष्कळ निघतं. सकाळी डोकं जड राहतं. वजन वाढलं. नवरा-बायकोच्या संबंधांत अडचण येते. ही शेवटची अडचण पुरुष पेशंट सिस्टरला सांगणार नाही, ब्रदरला सांगेल. ‘सवय लागेल’ ही भीती. ‘आता बरा आहे, मग कशाला?’ हे तर घरोघर. नैराश्याच्या गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात हे आधी सांगितलेलं नसतं, म्हणून दहाव्या दिवशी डबी फळीवर जाते. बरं वाटायला लागल्यावरही निदान सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवायची असते, तेही कुणी सांगितलेलं नसतं.

काही कारणं पेशंटला शब्दांत सांगता येत नाहीत, तिथे बघणाऱ्याचे डोळे लागतात. एका जागी बसवत नाही, पाय थांबत नाहीत, येरझारा चालू: याला अकाथिसिया म्हणतात आणि तो औषधाचाच परिणाम असतो. घरच्यांना वाटतं आजार वाढला, ते जास्तीची गोळी देतात आणि बेचैनी आणखी वाढते. हॅलोपेरिडॉलसारखं औषध सुरू झाल्यावर पहिल्या काही दिवसांत मान एका बाजूला वळणं, जबडा आवळणं, बुबुळं वर चढणं हा स्नायूंचा झटका असतो. एका इंजेक्शनने पुष्कळदा अर्ध्या तासात उतरतो. याला बाहेरची बाधा समजून पेशंटला देवस्थानाकडे नेण्यात जीवघेणा उशीर होऊ नये, म्हणून हे औषध चालू असलेल्या प्रत्येक घराला ही लक्षणं आधीच सांगून ठेवली पाहिजेत. अंग ताठ, खूप ताप, घाम आणि भान हरपणं एकत्र दिसलं तर ती तातडीची वेळ. उन्हाळ्यात त्याला उष्माघात समजतात. दवाखान्यात पोचल्यावर मनोविकाराची कोणती औषधं चालू आहेत हे पहिल्या वाक्यात सांगा आणि पाकिटांचे फोटो दाखवा.

चहात, वरणात गोळी कालवून देण्याचा प्रकार खूप घरांत चालतो. काळजीपोटी करतात, पण करू नये. किती औषध पोटात गेलं कळत नाही, आणि ज्याला आधीच ‘जेवणात विष घालतात’ असा संशय आहे त्याला एक दिवस वाटीच्या तळाशी पांढरा भुगा दिसतो. त्यानंतर तो त्या हातचं जेवतही नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे निर्णय घेण्याची क्षमता असलेल्या प्रौढ रुग्णाच्या उपचाराला त्याची संमती लागते, आणि तो आपला नामनिर्देशित प्रतिनिधी स्वतः ठरवू शकतो. डबी कुणी भरायची हेही त्यालाच विचारा. पुष्कळदा तो आईऐवजी बहिणीचं किंवा एखाद्या मित्राचं नाव घेतो, आणि मग औषध नीट सुरू होतं. तरीही नकार टिकलाच तर डबीचा हट्ट सोडावा. फ्लुफेनाझिन डेकॅनोएटसारखं दोन ते चार आठवड्यांनी घ्यायचं इंजेक्शन असतं. ते जमेल का, हे डॉक्टरांशी बोला.

आता कुलपाची गोष्ट. ज्याने जीव द्यायचं बोलून दाखवलं आहे किंवा आधी प्रयत्न केला आहे, त्याच्या घरात दिवसाची एक डबी सोडून सगळ्या गोळ्या कुलपात, किल्ली देणाऱ्याच्या कमरेला. शेतातलं कीटकनाशकही त्याच वेळी घराबाहेर, कुलपात. सगळ्यात सावध राहायचा काळ हा औषध लागू पडू लागतानाचा असतो. अंगात बळ आधी येतं, मनातला अंधार नंतर जातो. या मधल्या दोन-तीन आठवड्यांत घरचे ‘आता हिंडतोय-फिरतोय’ म्हणून निर्धास्त होतात. त्याला जीव द्यायचे विचार येतात का हे सरळ शब्दांत विचारा. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. बहुतेकांना कुणी विचारलं याचंच हायसं वाटतं. रात्री-अपरात्री बोलायला माणूस हवा असेल तर टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत, मराठीतही चालतो. गोळ्या जास्त घेतल्याचा नुसता संशय आला तरी लक्षणांची वाट बघू नका, उलटी करवू नका, १०८ ला फोन करा आणि डबी-पाकिटं सोबत घेऊन निघा. घरात लहान मूल असेल तर रंगीबेरंगी झाकणांची डबी त्याला खेळणंच वाटते. बाजारातल्या जवळपास कुठल्याच साध्या डबीला मुलांपासून सुरक्षित झाकण नसतं, हा या वस्तूतला सगळ्यात मोठा दोष.

ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. दिवाळीच्या आगेमागे बीड, धाराशिव, जालना, परभणीकडून टोळ्या निघतात त्या मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत, आणि मनोविकाराचे खूप जुने पेशंट याच महिन्यांत औषधातून सुटतात. निघण्याआधी ओपीडीला जाऊन जास्तीत जास्त जितक्या दिवसांचं मिळेल तितकं औषध आणि केसपेपरची दुसरी प्रत घ्या. कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात ती दाखवून औषध मागता येतं. कोपीत, म्हणजे टोळीच्या तात्पुरत्या झोपडीत, उंदीर असतात, रसाळ हातांमागे मुंग्या येतात, जमीन ओली असते. ट्रे तिथे टिकत नाही. सुट्या डब्या घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घालून कोपीच्या मेढीला टांगाव्यात. तोडणी पहाटे अंधारात सुरू होते. रात्री १० ला घेतलेल्या ओलान्झापिनची गुंगी पहाटे ४ ला हातात कोयता असताना उतरलेली नसते. डॉक्टरांना विचारून तोच डोस संध्याकाळी ७ च्या जेवणाबरोबर घेता येतो का बघा, आणि त्या डबीवर चंद्राऐवजी भाकरीची खूण करा.

वर्षानुवर्षं आईनेच डबी भरावी हेही बरं नव्हे. हिल्डगार्ड पेपलाउ या अमेरिकी परिचारिकेने १९५२ साली मांडलं की मनोविकार परिचर्येचा गाभा परिचारिका आणि रुग्ण यांच्यातलं नातं हा आहे, आणि ते टप्प्याटप्प्याने पुढे सरकून शेवटी रुग्ण स्वतःच्या बळावर उभा राहतो. डबीला हे तंतोतंत लागू करता येतं. पहिले चार आठवडे घरच्याने भरायची, पेशंटने शेजारी बसून गोळीचं नाव आणि काम सांगायचं. पुढचे चार आठवडे त्याने भरायची, घरच्याने फक्त बघायचं. चुकला तर लगेच हात न घालता शेवटची मोजणी होऊ द्यायची, ३५ ऐवजी ३४ आल्या की तो स्वतः शोधतो. त्यानंतर त्याने एकट्याने भरायची आणि घरच्याने आठवड्यातून एकदा वहीतला उरलेल्या गोळ्यांचा आकडा पाकिटाशी ताडून बघायचा. आकडा जुळला नाही किंवा झोप उडाली, बडबड वाढली, जेवण सुटलं असं काही दिसलं, तर एक पायरी मागे यायचं, शिक्षा म्हणून न करता आणि त्याला तसं सांगून. आजार पूर्ण आटोक्यात असेल आणि जीव द्यायचे विचार नसतील तेव्हाच तिसरी पायरी. कुलपाची किल्ली मात्र सगळ्यात शेवटी त्याच्या हातात द्यायची, आणि तीही डॉक्टरांशी बोलून.